जुने हातमोजे : संग्रह व जतन

टपालाचीं तिकिटें व जुनीं नाणीं जमविणारे विद्यार्थी पुष्कळ आढळतात. परंतु बेसबॉल व सॉफ्टबॉल या खेळांचे जुने हातमोजे जमविणारेहि रसिक आहेत. झिजलेल्या कातड्यांत एवढें जपण्यासारखें काय असतें, तें आम्ही येथें सांगूं इच्छितों.

बेसबॉलचे आरंभींचे खेळाडू चेंडू उघड्या हातांनीं झेलीत. १८७५ सालीं चार्ल्स वेट या खेळाडूनें पातळ मोजा घातला. लोक हंसतील या भयानें त्यानें तो अंगाच्या कातडीसारख्याच रंगाचा निवडला होता. १८७७ सालीं अल्बर्ट स्पाल्डिंग या नामांकित खेळाडूनें उघडपणें काळा मोजा वापरला, तेव्हां मात्र कोणी फारसें हंसलें नाहीं. १९२० च्या सुमारास बिल डोक याच्या कल्पनेवरून अंगठा व तर्जनी यांच्यामध्यें वाद्यांची जाळी आली व चेंडू बसण्यास खळगा झाला. पुढें बोटेंहि एकमेकांस वादीनें जोडण्यांत आलीं. म्हणून बोटें सुटीं व जाळी लहान असल्यास मोजा बहुधा जुना समजावा.

सॉफ्टबॉलची जन्मकथा तर याहून मौजेची आहे. १८८७ सालीं शिकागो येथील एका क्लबांत मंडळींनीं मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून त्याचाच चेंडू केला, व त्यांतून हा खेळ निघाला! आज तो महाराष्ट्रांतील शालेय स्पर्धांत खेळला जातो. तेव्हां संग्रहास आरंभ करावयास परदेशीं जावयास नको. शाळेचें कपाट पुरे.

आंजी (मोठी) येथील वाचकांस वर्धा परकें नाहीं. तेथें १९३८ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें मगन संग्रहालय उघडलें. हातानें वापरावयाचीं साधीं साधनेंहि संग्रहास योग्य असतात, हा धडा तेथें मिळतो.

पावसाळ्यांत कातड्यास बुरशी लागते. यास्तव मोजा कोरड्या फडक्यानें पुसावा, सावलींत वाळवावा व आंत सुती चिंधी भरून हवेशीर जागीं ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवींत कोंडूं नये. उन्हांत टाकूं नये. तेल वारंवार चोळूं नये, कारण अति तेलानें कातडें काळवंडून ढिलें पडतें. तुटलेली वादी बदललीच, तर जुनी सोबत जपून ठेवावी.

मुख्य गोष्ट ही कीं, मोज्याबरोबर खेळाडूचें नांव व वर्ष लिहिलेली चिठ्ठी असावी. विद्यार्थी शाळा सोडून जातात. त्यांच्या हाताचा आकार मात्र मोज्यांत राहतो. तो कोणाचा, हें वेळींच लिहिलें नाहीं, तर पुढें सांगणारा कोणी उरत नाहीं.