वाटसरूसाठी प्रार्थना

नाशिक हे यात्रेकरूंचे गाव. गोदावरीच्या घाटावर पहाटेपासून स्तोत्रे, जप व आरत्या चालू असतात. दर बारा वर्षांनी सिंहस्थ आला म्हणजे देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या लोकांनी रामकुंडाचा परिसर फुलून जातो. तेव्हा उघड्या जागी कोणी हात जोडून उभा आहे, हे दृश्य आम्हां नाशिककरांस मुळीच नवे नाही. परंतु आपण आपल्या कामासाठी रस्त्याने चाललो असता एखाद्या अनोळखी मनुष्याने आपणांस थांबविले आणि नम्रपणे विचारले, "आपली हरकत नसेल तर आम्ही आपल्यासाठी प्रार्थना करावी काय?" तर आपण चपापतो. हा कोण? याची माझी ओळख ना पाळख. मग याला माझ्यापासून काय हवे आहे?

ही शंका योग्यच आहे, आणि तिचे सरळ उत्तर देणे हाच या लेखाचा हेतू आहे.

वाटसरूंसाठी प्रार्थना करण्याची ही रीत अलीकडे अनेक देशांतील ख्रिस्ती लोकांत रूढ होत आहे. उत्तर आयर्लंडातील कोलरेन या गावी २००५ साली एका मंडळीच्या लोकांनी भर रस्त्यात काही खुर्च्या मांडून तिला आरंभ केला. ज्याला इच्छा होईल त्याने खुर्चीवर बसावे, आपले दुखणे सांगावे, आणि मंडळीतील एकदोघांनी त्याच्यापुढे गुडघे टेकून प्रार्थना करावी, एवढाच तो क्रम. त्यापूर्वी २००३ साली लंडन शहरात निराळ्या प्रकारची एक सेवा सुरू झाली होती. तेथील स्वयंसेवक रात्री रस्त्यांतून हिंडतात. कोणी वाट चुकला असेल, कोणी भांडणात सापडला असेल, तर त्याचे ऐकून घेतात व त्यास मदत करतात. कोणी विचारले तर प्रार्थनाही करतात. पण आधी मदत, हा त्यांचा नियम आहे.

येथे शास्त्र जाणणारा विद्यार्थी एक आक्षेप घेईल. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने आपल्या शिष्यांस बजावले आहे की, लोकांनी पाहावे म्हणून चवाठ्यावर उभे राहून प्रार्थना करू नका. खोलीत जा, दार लावून घ्या आणि एकांतात आपल्या पित्याशी बोला. मग रस्त्यातील प्रार्थना ही या आज्ञेच्या उलट नव्हे काय?

आमच्या मते ती उलट असू शकते, आणि नसूही शकते. त्या आज्ञेचा रोख जागेवर नाही, हेतूवर आहे. ज्याची प्रार्थना स्वतःच्या प्रदर्शनासाठी आहे, त्याने खोलीचे दार लावून घेतले तरी ती प्रार्थना चवाठ्यावरचीच राहील. आणि दुसऱ्याच्या दुःखाने ज्याचे मन भरून आले आहे, त्याला भर बाजारातही खोलीचा एकांत सापडेल. म्हणून परीक्षा एकच. ही प्रार्थना दान आहे की गळ? दान देणारा देतो आणि पुढे जातो. गळ टाकणाऱ्याचे लक्ष माशावर असते.

या परीक्षेस उतरेल असे एक उदाहरण आमच्या नाशकाच्याच वाटेवर सापडते. गॉर्डन हॉल हे अमेरिकन मिशनचे उपदेशक. ते १८१३ साली मुंबईस आले, मराठी शिकले आणि नव्या कराराच्या मराठी भाषांतरात त्यांनी मोठा वाटा उचलला. १८२६ च्या मार्च महिन्यात ते दोन ख्रिस्ती तरुणांस बरोबर घेऊन, पुस्तके व थोडी औषधे घेऊन, नाशकास आले. पाहतात तो शहरात पटकीची भयंकर साथ चाललेली. उपदेश करावयास आलेल्या मनुष्याने त्या वेळी काय करावे? हॉलसाहेब घरोघरच्या रोग्यांस औषध देत राहिले. बरोबर आणलेला साठा संपत आला तेव्हाच त्यांनी परतीची वाट धरली. वाटेत एका खेड्यात त्यांनी देवळाच्या पडवीत रात्र काढली. तेथेही आजारी माणसे होतीच. पहाटे निघण्याच्या तयारीत असता त्यांनाच पटकीने गाठले. भोवती जमलेल्या गावकऱ्यांशी बोलत व प्रार्थना करीत त्यांनी २० मार्च १८२६ रोजी देह ठेवला. वय अवघे एक्केचाळीस वर्षांचे. बरोबरच्या दोघा तरुणांनी शवपेटीवाचून त्यांस तेथेच माती दिली.

या प्रसंगाचा विचार करताना आम्हांस दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. पहिली ही की, हॉलसाहेबांच्या एका हातात प्रार्थना होती तर दुसऱ्या हातात औषध होते. औषध जवळ असता केवळ प्रार्थनेवर त्यांनी कोणाची बोळवण केली नाही. दुसरी ही की, त्या रोग्यांकडून परत काही मिळण्याजोगे नव्हते. जो सकाळपर्यंत जगेल की नाही याची शाश्वती नाही, त्याच्यासाठी केलेली प्रार्थना गळ कशी असेल?

दुसरे उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांस विशेष आवडेल, कारण ते नाशकातील शाळेत शिकलेल्या एका मुलाचे आहे. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या तावडीतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांस एकोणिसाव्या शतकात नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने आश्रय दिला होता. तेथे त्यांस लिहिणे-वाचणे व हातचे धंदे शिकवीत. त्या मुलांपैकी जेकब वेनराइट हा पुढे आफ्रिकेत प्रसिद्ध प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या तुकडीत गेला. १८७३ साली, आज ज्यास झांबिया म्हणतात त्या देशातील एका खेड्यात लिव्हिंग्स्टनसाहेब वारले. त्यांच्या सेवकांनी त्यांचे हृदय तेथील एका झाडाखाली पुरले, तेव्हा शास्त्राप्रमाणे प्रार्थना म्हणणारा होता तो हा नाशिकचा विद्यार्थी. झाडाच्या खोडावर अक्षरेही त्यानेच कोरली. गुलामगिरीतून सुटलेला एक मुलगा परक्या देशातून आलेल्या गोऱ्या मनुष्यासाठी रानात उभा राहून प्रार्थना करतो! शरणपूर या नावाचा अर्थ त्या दिवशी उलट्या बाजूने खरा झाला. ज्याला आश्रय मिळाला होता, त्याने दुसऱ्याच्या मृत्यूला आश्रय दिला.

आता रस्ता कोणाचा, हा प्रश्न घेऊ. तोही जुना आहे. १९ सप्टेंबर १८८२ रोजी मुक्तिफौजेचे चौघे जण मुंबईस उतरले. त्यांचे पुढारी फ्रेडरिक टकर हे स्वतः सरकारी नोकरी सोडून आलेले. या लोकांनी पुढे या देशाचा पोशाख केला, ते अनवाणी हिंडू लागले; आणि गाणी-वाद्यांनिशी रस्त्यातून मिरवणूक काढू लागले. सरकारने मिरवणुकीस मनाई केली, त्यांस पकडले, आणि टकरसाहेबांस एक महिन्याची कैदही भोगावी लागली. या वेळी त्यांची बाजू जाहीरपणे घेणाऱ्यांत ब्राह्मसमाजाचे पुढारी केशवचंद्र सेन हे होते. सेन मुक्तिफौजेत गेले नाहीत, की त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. पण आपल्याला न पटणाऱ्या मनुष्यासही आपला धर्म उघडपणे सांगता आला पाहिजे, हे त्यांस पटले होते. हे औदार्य आमच्या विद्यार्थ्यांनी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, ध्यानात ठेवावे.

स्वतंत्र भारताच्या १९५० च्या राज्यघटनेने हा प्रश्न कायद्याच्या भाषेत सोडविला. तिच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येकास विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला. मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांची मर्यादा घातली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, धर्मप्रसाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही, कारण विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य त्या दुसऱ्यासही तितकेच आहे. रस्त्यात प्रार्थनेसाठी कोणास विचारणाऱ्याने ही गोष्ट केवळ कायदा म्हणून नव्हे, तर सौजन्य म्हणून पाळावी.

कारण वाटसरू एकटा चालत असला तरी तो एकटा नसतो. त्याच्यामागे एक घर असते. हे सत्य रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्राइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल. बालपणी नाशकास विद्याध्ययन केलेले हे कवी १८९३ च्या सुमारास नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने चालले होते. डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणे काव्यावरून धर्मावर आले. उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांस नवा करार भेट दिला व तो वाचण्याची विनंती केली. टिळकांनी दिलेल्या शब्दाखातर वाचावयास घेतले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते थांबले, खिळून राहिले. चवाठ्यावरील प्रार्थनेचा निषेध ज्यात आहे तेच हे प्रवचन! १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

आगगाडीतील ते संभाषण काही तासांचे. पण त्याचे फळ आणि त्याचा घाव दोन्ही एका घरात उतरले. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. पतीच्या धर्मांतराची वार्ता कळताच त्यांच्यावर आकाश कोसळले. कित्येक वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. त्यांतील बराचसा काळ त्यांनी पंढरपुरास काढला. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरीही त्यांनी प्रथम आपला आचारविचार सोडला नाही. आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो कोणाच्या आग्रहाने नव्हे, तर स्वतः विचार करून. 'स्मृतिचित्रे' या आपल्या ग्रंथात त्यांनी हे सर्व हसतरडत, कोणावरही राग न धरता सांगितले आहे. १९३६ साली नाशकासच त्यांचा अंत झाला.

रस्त्यात कोणाशी धर्माविषयी बोलणाऱ्याने लक्ष्मीबाईंचे ते दिवस नेहमी डोळ्यांपुढे ठेवावेत. टिळकांस मिळालेला प्रकाश खरा होता, हे आम्ही मानतो. पण त्याच प्रकाशाने एका स्त्रीचे घर काही काळ अंधारले, हेही तितकेच खरे आहे. जो हे विसरतो तो वाटसरूकडे मनुष्य म्हणून पाहत नाही.

या सर्वांतून आम्हांस जे नियम निघतात असे वाटते, ते थोडक्यात सांगतो. पहिला, आधी विचारावे आणि नकार आला तर आभार मानून बाजूस व्हावे. नकाराचे कारण विचारू नये. दुसरा, परवानगीवाचून कोणाच्या डोक्यावर वा खांद्यावर हात ठेवू नये. तिसरा, प्रार्थना थोडकी असावी व ऐकणाऱ्याच्या भाषेत असावी. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत मराठी भजन आणि कीर्तन आणले ते याचसाठी की, देवाशी बोलताना मनुष्यास परके वाटू नये. चौथा, रोग बरा होईलच असे वचन देऊ नये आणि वैद्याचे औषध सोडण्यास कधीही सांगू नये. पाचवा, पैसे घेऊ नयेत, देऊ नयेत, कसलेही आमिष दाखवू नये. सहावा, आईबापांच्या संमतीवाचून लहान मुलांस थांबवू नये. सातवा, कोणी विश्वासाने सांगितलेले दुःख दुसऱ्या कानी जाऊ देऊ नये.

आणि ज्याला असे विचारले जाते त्याचेही एक कर्तव्य आहे. नको असेल तर गोड शब्दांत "नको" म्हणावे. रागावण्याचे कारण नाही. हवे असेल तर घ्यावे. कोणी आपल्या दुःखासाठी देवाकडे दोन शब्द बोलला म्हणून आपण त्याच्या धर्माचे बांधले जात नाही. शेजारच्या आजीने नवस बोलला किंवा दर्ग्यातील फकिराने दुवा दिला, म्हणजे आपण जसे कृतज्ञ राहतो, तसेच येथेही राहावे.

विद्यार्थिमित्रहो, शहरातील मोठ्या इस्पितळाच्या फाटकाबाहेर संध्याकाळी एकदा उभे राहून पाहा. खेड्यांतून आलेली माणसे डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असतात. आतून काय निरोप येतो याकडे त्यांचे कान असतात. त्यांस प्रथम पाण्याचा तांब्या द्यावा, औषधाच्या दुकानाची वाट दाखवावी, चिठ्ठी वाचून द्यावी. एवढे झाल्यावर मनात आले तर विचारावे, आणि न विचारता घरी येऊन, दार लावून, त्यांच्यासाठी प्रार्थना केली तरीही चालेल. ती त्यांस कधी कळणार नाही. पण ज्याला कळावयाची त्याला ती कळेल.