सुरा आणि मेरय : अर्थ व परिणाम

पाचव्या शीलात ‘सुरा’ आणि ‘मेरय’ हे शब्द जोडीने येतात. म्हणून ते समानार्थी असावेत, असा समज होतो. विनयपिटकाच्या पाचित्तिय विभागात मात्र त्यांच्या व्याख्या भिन्न आहेत. पीठ, अपूप, भात वा किण्व यांपासून होते ती सुरा. फुले, फळे, मध वा गूळ यांचे आसव ते मेरय. दोहोंतील मादक द्रव्य एकच, इथेनॉल. यकृतात त्याचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य व नंतर ॲसिटेट बनते. यकृताची ही गती मर्यादित असते. लिंबूपाण्याने ती वाढत नाही. तोवर उरलेले मद्य रक्तावाटे मेंदूत पोहोचते आणि विवेक ढळतो. शीलात सांगितलेल्या ‘पमादा’चे मूळ येथे आहे.

नागाला नमविणारे सागत स्थविर कोसंबीत घरोघरी मिळालेले मद्य प्याले आणि नगरद्वारी कोसळले. भगवंतांकडे मस्तक करून निजविले असता ते त्यांच्याकडेच पाय करून झोपले. त्या प्रसंगावरून भिक्खूंसाठी मद्यपाननिषेधाचा नियम झाला. १९५६ साली नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही मद्य न पिण्याची प्रतिज्ञा आहे. जे स्थविरांना सावरता आले नाही, ते आपणांस सावरेल असे मानणे, हाच पहिला प्रमाद होय.