तापाचं टाइमटेबल

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या होस्टेलवर चिवडा येतो, लाडू येतात आणि कधीकधी तापही येतो. मग पॅरासिटामॉल घ्यायची आणि पांघरूण ओढून झोपायचं, हा आपला ठरलेला उपाय. पण आजारी पडलेली रूममेट गडचिरोलीहून आली असेल, तर हाच उपाय जिवावर बेतू शकतो. का, ते सांगते.

आपल्या राज्यात मलेरियाचा मोठा भार वर्षानुवर्षे गडचिरोली जिल्ह्यावर पडत आला आहे. तिथे प्रामुख्याने फाल्सिपेरम जातीचे जंतू आढळतात. डास चावला की हे जंतू आधी लिव्हरमध्ये मुक्काम ठोकतात. आठवडाभर काहीच जाणवत नाही. म्हणजे डास चावतो गावी आणि ताप भरतो नाशिकला!

नंतर ते रक्तात उतरतात. एकेक जंतू एकेका लाल पेशीत शिरतो, आतलं हिमोग्लोबिन फस्त करतो आणि साधारण ४८ तासांनी पेशी फुटते. आत गेला एक, बाहेर पडतात वीसएक! खूप पेशी एकदम फुटल्या की हुडहुडी भरून ताप चढतो. म्हणूनच मलेरियाचा ताप एक दिवसाआड येतो असं म्हणतात. फाल्सिपेरम मात्र हे टाइमटेबल नेहमी पाळत नाही.

आता आपलं आवडतं गणित. दर ४८ तासांना जंतू दहापट झाले, तर सहा दिवसांत हजारपट! लाल पेशी घटल्या की अशक्तपणा येतो. शिवाय जंतू शिरलेल्या पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटल्या, तर माणूस बेशुद्ध होतो. पॅरासिटामॉलने ताप उतरेल, जंतू मरणार नाहीत.

दुसरी जात व्हायव्हॅक्स. ती फक्त कोवळ्या लाल पेशी धरते, पण लिव्हरमध्ये दडून महिन्यांनी पुन्हा उठते. तिच्यासाठी प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स असतो. बरं वाटलं म्हणून तो अर्धवट सोडू नका. मात्र जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्यांच्या लाल पेशी या गोळीनेच फुटतात, म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.

१८८० साली लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरने रक्ताच्या थेंबात हे जंतू मायक्रोस्कोपखाली पाहिले. आजही तपासणीला थेंबभर रक्त पुरतं. तेव्हा ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना आधी सांगा, सुट्टीत कुठे होतात ते!