झटपट फोटो आणि एक बादली पाणी

आमच्या घरात अब्बांचा एकच जुना फोटो आहे. तळहाताहून लहान, कडा वाकलेल्या, रंग म्हणाल तर चहाच्या डागासारखा. दर वर्षी तो थोडा अधिक पुसट होतो. परवा धाकट्या बहिणीने विचारलं, "भाईजान, यातले अब्बांचे डोळे कुठे गेले?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मला झटपट फोटोचा सगळा इतिहास चाळावा लागला. आज तोच तुम्हाला सांगतो.

हा फोटो १९७८ सालचा. अब्बा जिनिंगमध्ये कामाला होते. कुठल्याशा अर्जाला फोटो हवा होता आणि अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती. स्टुडिओतला फोटो दोन-तीन दिवसांनी मिळे. म्हणून आम्ही बापलेक जुन्या शहरातून मोर्णेचा पूल ओलांडून कचेरीकडे गेलो. तिथे निंबाच्या सावलीत एक फोटोवाला तिपाईवर लाकडी पेटी मांडून बसे. तिला सगळे मिनिट कॅमेरा म्हणत. "हालू नोका बाप्पा, डोये उघडे ठेवा," असं म्हणत त्याने भिंगावरचं झाकण काढलं, दोन-तीन आकडे मोजले आणि झाकण परत बसवलं.

ती पेटी म्हणजे कॅमेराही होता आणि अंधारखोलीही. फिल्मऐवजी आत फोटोचा कागदच लावलेला असे. मागच्या काळ्या बाहीतून हात घालून फोटोवाला तो कागद आधी डेव्हलपरच्या आणि मग हायपोच्या ताटलीत बुडवी. बाहेर येई ती निगेटिव्ह, म्हणजे पांढरे केस काळे आणि काळा चेहरा पांढरा. ती ओलीच भिंगासमोरच्या फळीवर चिकटवून तिचा पुन्हा फोटो काढायचा, की उलट्याचं सुलट होई. मग बादलीतल्या पाण्यात एक बुचकळी, आणि फोटो तयार.

झटपट फोटोची ही हौस जुनीच. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली, तेव्हा माणसाला कितीतरी मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागे. पुढे १८५०च्या दशकात काळ्या लेपाच्या लोखंडी पत्र्यावर फोटो निघू लागले. जत्रेतला फोटोवाला काही मिनिटांत पत्रा हातात देई. १९२५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर अनातोल जोसेफो या गृहस्थाने नाणं टाकून फोटो काढणारी खोली उभी केली. सुमारे आठ मिनिटांत आठ फोटोंची पट्टी बाहेर येई. आपल्या देशात मात्र मिनिट कॅमेऱ्यानेच सामान्य माणसाला चेहरा दिला. जयपूरच्या हवामहलासमोर अशा पेट्या अगदी अलीकडेपर्यंत पर्यटकांचे फोटो काढत होत्या.

एडविन लँड या अमेरिकन संशोधकाची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. १९४३ साली सांता फे इथे सुटीवर असताना त्यांनी आपल्या तीन वर्षांच्या मुलीचा फोटो काढला. "मला तो आत्ताच का दिसत नाही?" असं तिने विचारलं. लँड यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. २१ फेब्रुवारी १९४७ रोजी त्यांनी न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञांपुढे एका मिनिटात फोटो काढून दाखवला, आणि २६ नोव्हेंबर १९४८ रोजी बोस्टनच्या एका दुकानात पोलरॉइडचा पहिला कॅमेरा विक्रीला आला. किंमत ८९ डॉलर ७५ सेंट. आणलेले कॅमेरे पहिल्याच दिवशी संपले.

यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. निगेटिव्ह आणि फोटोचा कागद दोन रुळांमधून ओढला, की मधली रसायनाची पुडी फुटून दोहोंत पसरे. निगेटिव्हच्या ज्या भागावर प्रकाश पडला नाही, तिथली चांदीची संयुगं विरघळून समोरच्या कागदावर जात आणि तिथे चित्र उमटे. म्हणजे पेटीतल्या दोन्ही ताटल्या लँड यांनी एका पुडीत बसवल्या! १९६३ मध्ये रंग आले. १९७२च्या एसएक्स-७० कॅमेऱ्यातून तर फोटो आपोआप बाहेर पडून डोळ्यांदेखत उमलू लागला.

१९८६च्या सुमारास आमच्या गल्लीतला एक जण आखातातून असा कॅमेरा घेऊन आला. घरात बहिणीचा निकाह होता आणि पाकिटात फोटो फक्त दहा. आठ नवरा-नवरीचे निघाले, एक मौलवीसाहेबांचा. दहावा उरला तो अम्मीला मिळाला, कारण चुलीवरची देग तिने सांभाळली होती. आम्ही तो कौतुकाने खिडकीत ठेवला. काही वर्षांतच उन्हाने रंग उडाले. पुन्हा काढावा, तर या फोटोला वापरण्याजोगी निगेटिव्हच नसते. जो आहे तो एकच.

आता बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर. फोटोच्या कागदात मुरलेला हायपो निघून जायला साध्या जाड कागदाला तासभर तरी वाहतं पाणी लागतं. तो आत राहिला, की हळूहळू चांदी खातो, फोटो पिवळा पडतो आणि चेहरा विरतो. अकोल्याच्या उन्हाळ्यात निंबाखालच्या त्या माणसाकडे दिवसभराला एक बादली होती. वाहतं पाणी तो कुठून आणणार? अब्बांचे डोळे त्या बादलीत गेले. दोष त्याचा नाही, आमच्या घाईचा आणि पाण्याच्या टंचाईचा. लँड यांनाही हे चुकलं नाही. १९५०च्या सुमाराचे त्यांचे काळे-पांढरे फोटो फिके पडू लागले, तेव्हा प्रत्येक फोटोवर हाताने संरक्षक द्रव फिरवावा लागे.

डिजिटल कॅमेऱ्यांपुढे हे कॅमेरे मागे पडले. पोलरॉइड कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २००८ मध्ये तिने फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं. पण नेदरलँड्समधला तिचा शेवटचा कारखाना काही वेड्या माणसांनी चालू ठेवला, आणि फुजीचा १९९८ सालचा इन्स्टॅक्स आज लग्नामांडवात मिरवतो आहे.

तुमच्या ट्रंकेत असा फोटो असेल, तर एवढं करा. त्याला उन्हात ठेवू नका, डिंकाने चिकटवू नका, पोलरॉइडची पांढरी कड कापू नका. आणि आजच त्याची नक्कल काढून घ्या, उद्या तो आणखी पुसट झालेला असेल.

मीही अब्बांच्या फोटोची नक्कल काढून आणली. त्यात त्यांच्या खांद्यावरचा रुमाल काळा दिसतो, कारण तो कागद लाल रंग पाहूच शकत नाही. त्याला लाल आणि काळा सारखेच. बहिणीला तो रुमाल आठवत नाही, ती तेव्हा पाळण्यात होती. म्हणून नकलेच्या मागे मी पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे : रुमाल लाल होता.