वायुगुणवत्ता, मुंबईची
मुंबई शहराच्या हवेची शुद्धता किंवा मलिनता ही तेथे बाहेर पडणाऱ्या धुरावर व धुळीवर जितकी अवलंबून असते, तितकीच वाऱ्याची दिशा, त्याचा वेग व वातावरणाची स्थिरता यांवरही असते. मुंबईच्या पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस बंदर व ठाण्याची खाडी आणि उत्तरेस वसईची खाडी आहे. साष्टीच्या मध्यभागी ४५० मी.हून अधिक उंचीपर्यंत चढणाऱ्या कान्हेरीच्या टेकड्या असून आग्नेयीस सु. ३०० मी. उंचीची तुर्भ्याची (ट्रॉम्बेची) टेकडी आहे. तिन्ही बाजूंस पाणी असल्याने शहराची हवा आपोआप धुतली जाते, असा समज रूढ आहे. तो वर्षातील काही महिन्यांपुरताच खरा आहे.

दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते व समुद्राकडून खारे वारे वाहू लागतात. रात्री जमीन लवकर निवते व मतलई वारे समुद्राकडे वाहतात. एप्रिल-मे महिन्यांत खारे वारे जोरदार असतात, शिवाय तापलेली हवा बरीच उंच चढत असल्याने धूर मोठ्या आकारमानात मिसळून विरळ होतो. हिवाळ्यात हा क्रम बिघडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पूर्व व ईशान्येकडून येणारा मंद वारा ठाणे, भिवंडी, नवी मुंबई या औद्योगिक पट्ट्यावरून शहरात शिरतो. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा वरच्या थरापेक्षा थंड होते (तापमान व्युत्क्रमण). वरचा उबदार थर झाकणासारखे काम करतो आणि सकाळी स्वयंपाकाचा, वाहनांचा व शेकोट्यांचा धूर त्याखाली कोंडतो. हवेतील आर्द्रतेने बारीक कण फुगतात व धुरके अधिक दाट दिसते. खारे वारे दुपारी उशिरा सुरू होतात. त्यांबरोबर रात्री समुद्रावर गेलेला धूर काही अंशी परतही येतो. म्हणजे समुद्र हा नेहमीच निचऱ्याचा मार्ग नसून कधीकधी तो साठवणीची जागाही ठरतो.

मोसमी पावसाची माघार व थंडीची सुरुवात यांमधील ऑक्टोबर महिनाही त्रासाचाच असतो. नैर्ऋत्य वारे थांबलेले असतात, जमीन कोरडी झालेली असते आणि पावसाळ्यात रखडलेली बांधकामे पुन्हा सुरू होतात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात वारे नेहमीपेक्षा मंद राहिले व काही दिवस मुंबईची हवा दिल्लीहूनही वाईट नोंदली गेली. याचा संबंध तेव्हाच्या ला निन्या स्थितीशी जोडण्यात आला. दूरची कारणेही असतात : जानेवारी २०२२ मध्ये वायव्येकडून आलेल्या धुळीच्या वादळाने शहर झाकोळून गेले होते.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सांताक्रूझ येथे सु. २,२०० मिमी. पाऊस पडतो. मात्र हवा स्वच्छ होते ती केवळ पावसाने नव्हे. समुद्रावरून अखंड येणारा नैर्ऋत्य वारा हे त्याहून मोठे कारण होय. पावसाचे थेंब मोठे कण सहज खाली आणतात, अतिसूक्ष्म कण मात्र त्यांच्या हाती फारसे लागत नाहीत. धूर निर्माण होण्याचे प्रमाण या काळात विशेष घटलेले नसते. त्यामुळे वार्षिक सरासरी हे मुंबईच्या बाबतीत फसवे माप आहे. २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांसाठी भारतातील मानक (२००९) दर घन मीटरला वार्षिक ४० व चोवीस तासांचे ६० मायक्रोग्रॅम असे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वार्षिक मर्यादा ५ वर आणली. पावसाळ्याचे चार महिने सरासरी खाली खेचतात, परंतु दम्याच्या रुग्णाला जानेवारीतील हवाच श्वासात घ्यावी लागते.

शहराच्या सर्व भागांना समुद्राचा लाभ सारखा मिळत नाही. पश्चिम किनाऱ्यावर खारा वारा प्रथम पोहोचतो. पूर्व उपनगरांत तो शहराचा धूर घेऊन येतो. तुर्भे-माहुल परिसरात १९५० नंतरच्या दशकात तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, पुढे खत कारखानाही आला. रात्रीच्या मंद वाऱ्यात तेथील वायू शेजारच्या वस्तीवर रेंगाळतात. चेंबूरला पडलेले ‘गॅस चेंबर’ हे नाव या अनुभवातूनच आले. देवनार कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग ऐन हिवाळ्यातली असल्याने तिचा धूर कित्येक दिवस हटला नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेने बांधकामाच्या धुळीसंबंधी नियमावली जारी केली. तिने प्रामुख्याने जाड धुळीला आळा बसू शकतो. हिवाळ्यात सूक्ष्म कण आणणारा वारा मात्र ज्या प्रदेशावरून येतो, तो ठाणे, भिवंडी, नवी मुंबई व पनवेल या स्वतंत्र महानगरपालिकांच्या हद्दीत मोडतो.