दीर्घ विश्रांतीनंतर उजळणारे दिवे

सांगली-कोल्हापूरकडील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. मुलगा आणि सून नोकरीनिमित्त परदेशी, घरी आई-वडील दोघेच. अंगणातील पत्र्याच्या शेडमध्ये आच्छादनाखाली झाकलेली गाडी. मुलगा सुट्टीवर आला की ती रस्त्यावर येते, एरवी महिनोन् महिने जागच्या जागी उभी असते. अशातच आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी शहरात न्यायचे ठरते आणि वडील सकाळी किल्ली फिरवतात. इंजिन कण्हत कण्हत सुरू होते. पण स्टीअरिंगमागच्या पट्टीवर इंजिनाचा, एबीएसचा, स्टीअरिंगचा, एअरबॅगचा असे चार दिवे एकाच वेळी उजळतात आणि विझण्याचे नाव घेत नाहीत.

दुपारपर्यंत तीन सल्ले येतात. शेजारी म्हणतो, सेन्सर गेला. कोपऱ्यावरचा फिटर म्हणतो, एबीएसचे अख्खे युनिट बदलावे लागेल. तिसरा म्हणतो, “काका, आता ही गाडी काढूनच टाका.” तिघांचाही हेतू चांगला असतो, मात्र तिघांपैकी एकानेही अजून बोनेट उघडलेले नसते.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा शहरांतील असंख्य गाड्या अशाच जागच्या जागी थांबल्या होत्या. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीचे हे दुखणे ओळखण्याची एक निश्चित पद्धत आहे. ती अवघड नाही. तिला फक्त क्रम पाळण्याचा संयम लागतो.

दिवा काय सांगतो

इशारा देणारा दिवा बिघडलेल्या भागाचे नाव सांगत नाही. कोणते तरी मोजमाप अपेक्षित मर्यादेबाहेर गेले आहे, एवढेच तो सांगतो. ताप आला म्हणजे रोग कळला असे वैद्य मानत नाही, तसेच हे आहे.

किल्ली पहिल्यांदा फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, बहुतेक दिवे क्षणभर लागतातच. दिवे स्वतः चालू स्थितीत आहेत की नाहीत, याची ती चाचणी असते. इंजिन सुरू झाल्यावर ते विझले पाहिजेत. म्हणून कोणता दिवा विझला नाही याबरोबरच कोणता दिवा मुळात लागलाच नाही, हेही पाहावे. तेलाचा दिवा सुरुवातीला लागतच नसेल, तर पुढे तेलाचा दाब कमी झाला तरी सूचना मिळणार नाही.

रंगांचा अर्थ सर्वसाधारणपणे ठरलेला आहे. लाल म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे लवकर लक्ष द्या. इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत असेल, तर मात्र गाडी पुढे नेऊ नये. एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसल्याची ती खूण असते, आणि न जळालेले इंधन धुराच्या नळीतील महागडे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करू शकते.

किल्ली फिरवण्यापूर्वी

खरे तर निदान किल्लीच्या आधी सुरू होते. गाडीखालच्या फरशीवर तेलाचा किंवा पाण्याचा डाग आहे का ते पाहावे. बोनेट उघडून बॅटरीच्या प्रकाशात कानाकोपरा न्याहाळावा. थांबलेली गाडी ही उंदरांची आवडती जागा. एअर फिल्टरच्या डब्यात कापूस, सुतळी, पालापाचोळा यांचे घरटे सापडणे नवलाचे नाही. कधी मांजर आडोशाला बसलेले असते, कधी पिले असतात. इंजिन एकदा फिरू लागले की त्या मुक्या जीवाला पळायलाही अवधी मिळत नाही. म्हणून ही तपासणी कधीही वगळू नये.

वायरींवरचे प्लास्टिक कुरतडलेले दिसले, तर गाडी सुरू करण्याचा मोह टाळावा. त्यानंतर इंजिन थंड असतानाच तेल, कूलंट आणि ब्रेक ऑइल यांची पातळी पाहावी व चाकांतील हवा तपासावी. शेड बंदिस्त असेल तर गाडी ढकलून उघड्यावर आणावी. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि बंद जागेत तो जीवघेणा ठरतो.

सर्वांत आधी बॅटरी

गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, चोरीविरोधी यंत्रणा थोडी थोडी वीज घेतच असतात. काही आठवड्यांत बॅटरी उतरते. मग स्टार्टर फिरताना व्होल्टेज आणखी खाली जाते आणि निरनिराळ्या यंत्रणांचे छोटे संगणक क्षणभर गप्प होतात. इंजिनाचा संगणक एबीएसला हाक मारतो, उत्तर येत नाही. तो तशी तक्रार नोंदवतो. स्टीअरिंगची यंत्रणाही तेच करते. अशा रीतीने एका अशक्त बॅटरीपायी चार दिवे लागतात. अनेक दिवे एकदम लागले, तर चार बिघाड शोधण्याआधी त्यांचे एक समान कारण शोधावे.

साधा मल्टिमीटर यासाठी पुरेसा आहे. काही तास बंद असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले, तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे अंदाजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना हाच आकडा साधारण १३.५ ते १४.७ च्या दरम्यान हवा. तो वाढत नसेल, तर बॅटरीबरोबर अल्टरनेटरही तपासावा लागेल.

दुसऱ्या गाडीवरून वीज घेऊन इंजिन सुरू होईल. पण तेवढ्याने उतरलेली बॅटरी भरत नाही. ती चार्जरवर सावकाश भरावी. भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जागा हवेशीर असावी आणि जवळ निरांजन, उदबत्ती काहीही पेटते नसावे. दीर्घकाळ रिकामी राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो. भरूनही ती टिकत नसेल, तर बदलण्यास पर्याय नाही.

स्कॅनर आणि त्याच्या मर्यादा

बॅटरी ठीक झाल्यानंतरच स्कॅनर लावावा. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना सर्वांसाठी समान असलेली निदानव्यवस्था सक्तीची झाली; पुढे भारतातही ती आली. तिचा जोड सहसा स्टीअरिंगखाली असतो. मिळालेल्या कोडचे पहिले अक्षर विभाग सांगते: पी म्हणजे इंजिन व गिअर, सी म्हणजे ब्रेक, स्टीअरिंग यांसारख्या यंत्रणा, बी म्हणजे एअरबॅगसारख्या अंतर्गत सोयी, आणि यू म्हणजे यंत्रणांमधील परस्परसंवाद. पी०५६२ हा कोड व्होल्टेज कमी असल्याचा. यू०१०० हा इंजिनाच्या संगणकाशी संपर्क तुटल्याचा. दीर्घ विश्रांतीनंतर हे दोन दिसले, तर बोट पुन्हा बॅटरीकडेच जाते.

कोड पुसण्यापूर्वी सगळे कागदावर उतरवून घ्यावेत. मग ते पुसून गाडी थोडी चालवावी. जुन्या तक्रारी परत येत नाहीत. जो कोड परत येतो, तोच खरा. स्वस्त स्कॅनर पुष्कळदा फक्त इंजिनाचेच कोड वाचतात, त्यामुळे एबीएस किंवा एअरबॅगसाठी ती यंत्रणा वाचणारा स्कॅनर असलेले गॅरेज गाठावे.

इंधनाचाही विचार करावा. पेट्रोलमधील सहज उडणारा भाग महिन्यांमागून महिने कमी होत जातो, आणि त्यात मिसळलेले इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. इंजिन अडखळत असेल, तर प्लग व सेन्सर बदलण्याआधी जुन्या इंधनाकडे पाहावे.

कधी थांबावेच

तेलाच्या दाबाचा लाल दिवा इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत विझला नाही, तर इंजिन तत्काळ बंद करावे. तापमानाच्या लाल दिव्यालाही हाच नियम. ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही राहिला, किंवा पेडल खोल जात असेल, तर गाडी अंगणाबाहेर काढू नये. डॉक्टरांची वेळ पुन्हा घेता येते.

आणि हेच त्या घरात घडावे. वडील त्या दिवशी आईला रिक्षाने नेतात. बॅटरी जुनीच होती. ती बदलल्यावर आणि कोड पुसल्यावर तीन दिवे जातात. एबीएसचा तेवढा राहतो. गॅरेजमधील स्कॅनर सी००३५ दाखवतो, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या वेगमापक सेन्सरचा मार्ग. चाकामागे पाहिल्यावर उंदराने कुरतडलेली वायर हाती लागते. अख्खे युनिट बदलण्याच्या जागी एका वायरीची दुरुस्ती पुरते.

पुढील खेपेसाठी वडिलांनी नियम बांधून घेतलेला बरा. दर आठवड्याला पाच मिनिटे उभ्या उभ्या इंजिन चालवण्याने बॅटरी भरत नाही, उलट धुराच्या नळीत पाणी साठते. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास गाडी रस्त्यावर फिरवावी. ते शक्य नसेल तर बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडून ठेवावे. हँडब्रेक ओढून ठेवू नये. तो गंजून चिकटतो. चाकांना विटा लावून गाडी गिअरमध्ये ठेवावी. आणि गाडीत एक छोटी वही असावी: गाडी कधीपासून उभी आहे, कोणता दिवा कोणत्या दिवशी लागला, व्होल्टेज किती होते. परदेशातील मुलाने दूरध्वनीवर “बाबा, नेमके काय दिसते?” असे विचारले, की ती वही उघडून वाचून दाखवता येते, आणि फिटरने महागडा भाग सुचवला, तर त्याच वहीच्या आधारे त्याला कारणही विचारता येते.