पेनांगचं जॉर्जटाउन : गल्ल्या पाहाव्या, गाड्यांवर जेवावं

जॉर्जटाउनमध्ये एका गाडीवर सहसा एकच पदार्थ मिळतो. लाक्सावाला लाक्साच करतो, नूडल्स परतणारा नूडल्सच परततो, आणि संध्याकाळी कालवांचं ऑम्लेट करणाऱ्या बाईंकडे दुसरं काही मागून उपयोग नसतो. तो एक पदार्थ पुष्कळदा त्या घरात दोन-तीन पिढ्या चालत आलेला असतो. मलेशियातल्या पेनांग बेटावरच्या या जुन्या बंदरात सहकुटुंब निघालेल्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगतो, की बघायच्या ठिकाणांची एक यादी आणि खाण्याची दुसरी असं करू नका. जो समाज बोटीतून इथे उतरला त्याने आपलं देऊळ किंवा मशीद बांधली, एखादी गल्ली वसवली आणि तिथेच चूल मांडली. देऊळ बघून गल्लीत जेवलं, की ते शहर कळायला लागतं.

११ ऑगस्ट १७८६ रोजी कॅप्टन फ्रान्सिस लाइटने ईस्ट इंडिया कंपनीसाठी या बेटावर ताबा सांगितला. बेट केडाच्या सुलतानाचं. सयामपासून संरक्षण मिळेल या आशेवर त्याने ते दिलं. संरक्षण काही मिळालं नाही. गावाला इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचं नाव पडलं. लाइटने बंदर जकातमुक्त ठेवलं आणि माणसांची रीघ लागली. फुजियान आणि कँटनचे चिनी, तमिळ मुसलमान व्यापारी, सुमात्राचे आचेनी, आर्मेनियन, ब्रह्मी, सयामी. मलय तर होतेच. चुलिया स्ट्रीट, आर्मेनियन स्ट्रीट, आचीन स्ट्रीट ही नावं अजून पाट्यांवर आहेत. १८०५ मध्ये कंपनीने पेनांगला कलकत्ता, मद्रास आणि मुंबई यांच्या पंक्तीत बसवून चौथा इलाखा केलं, आणि १८३० मध्ये तो मान काढून घेतला. असईच्या रणात मराठ्यांसमोर उभा राहिलेला आर्थर वेलस्ली त्याआधी काही वर्षं, १७९७ मध्ये, मनिलाच्या फसलेल्या मोहिमेवर निघाला असताना इथे येऊन गेला होता. किनाऱ्यावरचा फोर्ट कॉर्नवॉलिस त्याच काळातला. त्याच्यावर कधी लढाई झाली नाही. मुलांना तोफा दाखवाव्यात आणि पुढे निघावं.

पायाखाली घालायचा पहिला रस्ता म्हणजे जुना पिट स्ट्रीट, आजचा जालान मस्जिद कापितान केलिंग. सेंट जॉर्ज चर्च १८१८ चं. थोडं पुढे क्वान यिन या करुणादेवीचं देऊळ. तिथे हाताएवढ्या जाड उदबत्त्या जळतात आणि धुराने डोळे चुरचुरतात. शेजारच्या गल्लीत १८३३ चं श्री महामारिअम्मन मंदिर, रंगीत गोपुरासकट. मग १८०१ मध्ये तमिळ मुसलमानांनी उभी केलेली कापितान केलिंग मशीद. लहान मुलांच्या पावलांनीही हे अंतर दहा-पंधरा मिनिटांत संपतं.

मशिदीच्या आसपास नासी कांदार खायचा. तमिळ मुसलमान विक्रेते पूर्वी खांद्यावर कावड घेऊन निघत. तिच्या एका टोकाला भाताचं भांडं असे, दुसऱ्या टोकाला कालवणांची, आणि पहाटे धक्क्यावरचे हमाल त्यांची वाट बघत असत. कावड गेली, दुकानं आली, पण वाढण्याची पद्धत तीच राहिली. ताटात भात, त्यावर तुम्ही बोटाने दाखवाल ती मासळी, कोंबडी किंवा भेंडी, आणि मग तीन-चार रश्शांचे डाव एकावर एक. नुसतं 'बंजिर' म्हटलं की वाढपी भात रश्शात बुडवून देतो. हे रस्से वेगवेगळे चाखत बसू नयेत. कालवावेत, कारण खरी चव त्या मिसळण्यात आहे. इथे डुकराचं मांस नसतं, त्यामुळे ते न खाणाऱ्यांनाही निर्धास्त जेवता येतं.

आर्मेनियन स्ट्रीटवर लिथुआनियाचा चित्रकार अर्नेस्ट झाखारेविच याने २०१२ मध्ये भिंतीवर दोन मुलं रंगवली आणि त्यांच्यापुढे खरी सायकल टेकवून ठेवली. तिथे फोटोसाठी रांग असते. मुलं बरोबर असतील तर तीही करावी. मला स्वतःला जास्त आवडतात त्या लोखंडी सळया वाकवून केलेल्या रेखाकृती. गावभर अशा ५२ आहेत आणि प्रत्येक आकृती आपल्या गल्लीची गोष्ट सांगते. पुढे जगप्रसिद्ध झालेला बुटांचा कारागीर जिमी चू ज्या भागात काम शिकला, तिथे त्याचीही आकृती आहे. मुलांच्या हाती नकाशा देऊन त्या शोधायला सांगावं, चालण्याची कुरकुर थांबते. ऊन आणि पाऊस चुकवायला दुकानांपुढच्या फाइव्ह फूट वे, म्हणजे सलग छपराखालच्या पडव्या आहेत.

जवळच खू कोंगसी, म्हणजे खू आडनावाच्या कुळाचं सभागृह. आधीची इमारत १९०१ मध्ये जळाली. ती सम्राटाच्या वाड्याशी बरोबरी करत होती म्हणून देव कोपले, असं लोक सांगत आले. १९०६ मध्ये जी नवी उभी राहिली ती म्हणे आधीपेक्षा बेताची, आणि तिच्या छपरावर अजूनही बोटभर जागा कोरीव कामाशिवाय सापडत नाही. तिथून धक्क्याकडे गेलं की च्यू जेटी लागते. समुद्रात खांब रोवून त्यावर फळ्यांचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना घरं. जमिनीवर नाहीत म्हणून या घरांना जमिनीचा सारा लागत नसे. लोक आजही तिथे राहतात, तेव्हा दारातून आत डोकावू नये आणि आवाज बेताचा ठेवावा.

युनेस्कोने २००८ मध्ये मलाक्का आणि जॉर्जटाउन यांना मिळून जागतिक वारसा ठरवलं. त्याआधी आणखी एक गोष्ट घडली होती. २००० च्या सुमारास तिथला जुना भाडेनियंत्रण कायदा संपला. गिरगाव-दादरच्या चाळी पाहिलेल्या वाचकाला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. भाडी चढली, वरच्या मजल्यांवरची बिऱ्हाडं उठली आणि पुष्कळ घरांची हॉटेलं, कॅफे झाले. इमारती वाचल्या, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण रोज सकाळी त्याच गाडीवर त्याच बाकावर बसणारं गिऱ्हाईक त्या बिऱ्हाडांबरोबर पांगलं, आणि गाडी चालते ती त्या गिऱ्हाइकावर. म्हणून एखाद्या कोपितियाममध्ये, म्हणजे जुन्या चिनी कॉफीच्या दुकानात, म्हातारी मंडळी पेपर वाचत बसलेली दिसली की तिथेच नाश्ता करावा. दुकानमालक फक्त कॉफी आणि सरबतं विकतो. आजूबाजूच्या गाड्या त्याला भाडं देऊन उभ्या असतात. त्यामुळे बसल्यावर पेय मागवणं ही रीत आहे, ती पाळावी. प्रत्येक गाडीवर जाऊन आपलं सांगायचं आणि टेबलाचा नंबर द्यायचा. ताट आलं की तिथल्या तिथे पैसे. चौघांत एक-एक बशी मागवली तर मुलांनाही सगळं चाखता येतं आणि अन्न वाया जात नाही.

एक दिवस आयर इताम आणि पेनांग हिलसाठी ठेवावा. टेकडीवर १९२३ पासून दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे जाते. सध्याचे डबे नवे, वातानुकूलित आहेत. माथा आठशे मीटरहून उंच, खालच्या उकाड्यानंतर वरचा गारवा फार बरा वाटतो. शनिवार-रविवारची गर्दी मात्र टाळावी. पायथ्याकडच्या आयर इतामला केक लोक सी हे मोठं बौद्ध मंदिर आहे. १८९० मध्ये त्याचं काम सुरू झालं. १९३० मध्ये पुरा झालेला सात मजली पॅगोडा थांबून पाहावा असा आहे, कारण त्याचा पाया चिनी, मधला भाग सयामी आणि कळस ब्रह्मी धाटणीचा. वर क्वान यिनची तीस मीटर उंच ब्राँझची मूर्ती आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी वरच्या टप्प्यावर तिरक्या लिफ्टची सोय आहे.

याच आयर इतामचा लाक्सा नावाजलेला. सिंगापूरचा लाक्सा नारळाच्या दुधातला असतो, पेनांगच्या आसाम लाक्सात नारळ नाही. वाडग्यात तांदळाच्या जाड शेवया, त्यावर माशाचा दाट, आंबट, वाफाळता रस्सा. वरून काकडी, अननस, कांदा, पुदिना आणि आल्याच्या कुळातल्या एका झाडाची गुलाबी कळी, अगदी बारीक चिरलेली. शेवटी चमचाभर काळाकुट्ट हे-को, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा पाक. माझी आई रत्नागिरीची. परदेशी खाण्यावर तिचा भरवसा नव्हता. तिने रस्सा नुसता एक चमचा घेतला, जिभेवर घोळवला आणि म्हणाली, "अरे, हा तर बांगडा! आणि ह्यात आमसुलासारखं काहीतरी आहे." तिचं चुकलं नव्हतं. लाक्सात पडतो तो इकान केंबुंग, म्हणजे आपल्या बांगड्याचाच वंश. आंबटपणासाठी चिंचेबरोबर आसाम गलुगोर या फळाच्या वाळवलेल्या फोडी घालतात. ते झाड गार्सिनिया कुळातलं, आणि आपलं कोकमही त्याच कुळातलं. गवती चहाही त्या रश्शात असतो. आईने वाडगा संपवला आणि गाडीवाल्या बाईंकडे जाऊन त्या वाळक्या फोडी हातात घेऊन, वास घेऊन पाहिल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बाईंनी मूठभर फोडी कागदात बांधून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत.

अशा ओळखी मग पुढेही होत राहतात. तिथल्या बहुतेक चटण्यांचा आधार असलेलं बेलाचान हे जवळ्याच्याच जातीच्या बारीक कोळंबीचं, खारवून, कुटून, वाळवून केलेलं. पेनांग रोडच्या बाजूच्या बोळात चेंडोल मिळतं. तिथली एक गाडी १९३६ पासून आहे. तांदळाच्या पिठाच्या हिरव्या शेवया, नारळाचं दूध, बर्फाचा भुगा, लाल घेवड्याचे दाणे आणि गुला मलाका. गुला मलाका म्हणजे गोव्यात करतात तो माडाचा गूळ. शिरवाळ्यांवर वाढलेला मालवणी माणूस पहिल्याच चमच्याला थांबेल. जायफळाची झाडं कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस मोलुकास बेटांवरून इथे आणली. त्याच्या सालीचं सरबत पेनांगमध्ये अजून सर्वत्र मिळतं, आणि कोकणातही जायफळाची साल टाकत नाहीत, लोणच्यात घालतात.

शाकाहारी मंडळींनी मात्र जपून राहावं. भाजी दिसली तरी तिच्यात बेलाचान असू शकतं आणि नूडल्स डुकराच्या चरबीत परतलेले असू शकतात. त्यांच्यासाठी लिटल इंडियातली तमिळ शाकाहारी खानावळ उत्तम. तिथे केळीच्या पानावर भात वाढतात आणि आईला 'अम्मा' म्हणून आग्रह करतात. चिनी बौद्धांची शाकाहारी दुकानंही आहेत. सकाळी रोती चानाई, म्हणजे पापुद्र्यांची पोळी, आणि उंचावरून ओढून फेसाळलेला तेह तारिक चहा मुलांना हमखास आवडतो. मलेशियाची ही नाश्त्याची रीत २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

संध्याकाळ 'चार क्वे तियाओ'ची, म्हणजे तांदळाच्या परतलेल्या नूडल्सची. हा कष्टकरी मजुरांचा पदार्थ, म्हणून त्यात चरबी सढळ. काही जण अजून कोळशावर करतात. त्यांचा शोध घ्यावा. निखारे फुलवायला पायाशी पंखा. कढई इतकी तापलेली, की चरबी पडताच धूर उठतो. लसूण, कोळंबी, मग तांदळाच्या रुंद पट्ट्या आणि सोया सॉस. पट्ट्या एका बाजूला सारून मोकळ्या जागेत अंडं फोडायचं, ते अर्धं जमलं की त्यावर पट्ट्या ओढायच्या. मोड आलेले मूग, कुचईची, म्हणजे चिनी लसणीची पात, शेवटी शिंपल्या, त्या जेमतेम शिजतील इतकाच वेळ. दोन मिनिटांचं काम, आणि एका वेळी एकच बशी. रांगेत वीस माणसं असली तरी हातखंडा कारागीर दोन बशा एकत्र करत नाही, कारण कढई थंडावली की पट्ट्या परतल्या न जाता शिजतात आणि जळक्या कडेचा तो वास हरवतो.

हे काम उभं राहून, आगीसमोर, वर्षानुवर्षं करायचं असतं. मुलं शिकतात, क्वालालंपूरला किंवा सिंगापूरला नोकरीला जातात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. परदेशी मजूर हाताशी घेऊन गाड्या चालू राहिल्या, तेव्हा पेनांग सरकारने २०१४ मध्ये जाहीर केलं की ठरावीक स्थानिक पदार्थ गाडीवर परदेशी माणसाने शिजवायचे नाहीत. मला हा नियम पटलेला नाही. या गावातला प्रत्येक पदार्थ बाहेरून आलेल्या माणसानेच चुलीवर चढवला आहे. शिकवणारा गुरू चांगला असेल तर ब्रह्मी हातही तीच कढई सांभाळेल. २०२२ च्या अखेरीस मिशेलिन या खाद्य-मार्गदर्शकाची पेनांगसाठीची पहिली यादी आली आणि त्यात गाडीवालेही होते. त्याने मान मिळाला आणि रांगाही वाढल्या. पण या पदार्थांमागचे कष्ट बघता बशीचा दर अजून कमी आहे असं मला वाटतं. तेव्हा आठ-दहा रिंगिटच्या बशीवर घासाघीस करू नये, आणि आपल्यामागे रांग असेल तर खाऊन झाल्यावर टेबल अडवून बसू नये.

बहुतेक गाड्या आपापल्या वेळेच्या पक्क्या असतात. सकाळचे विक्रेते अकरापर्यंत आवरतात, काहींचा सुट्टीचा वार ठरलेला असतो, आणि साहित्य संपलं की उरलेल्या गिऱ्हाइकाला हात जोडून परत पाठवतात. न्यू लेन आणि किंबर्ली स्ट्रीटच्या गाड्या दिवस कलताना लागतात. म्हातारी माणसं आणि मुलं बरोबर असतील तर सातच्या आत जाऊन टेबल धरावं. नंतर उभं राहावं लागतं.